लिहिणारी एक, वाचणारा दुसरा

४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे दोन पानं मिळाली. एकावर एकचा आकडा आहे आणि दुसऱ्यावर तीनचा. मला आकडे येत नाहीत म्हणून चालून जाईल असं वाटलं असेल, पण वाचणाऱ्याला येतात. पाच वर्षांची असताना तू दप्तर विसरून शाळेत गेलीस आणि येताना दुसऱ्याच मुलीचं घेऊन आलीस, तेव्हापासून तुझ्या विसरण्याची मला सवय आहे. पण मधलं पान कुणी विसरत नाही गं. विसरतं ते पहिलं, नाहीतर शेवटचं. मधलं काढून ठेवावं लागतं.

पहिल्या पानावर तू लिहितेस, तंत्रज्ञानाची मोठी परिषद आहे, चार हजार माणसं येणार, आणि तू मंचावर उभी राहून बोलणार. तिसऱ्या पानावर एकदम, "म्हणून आजी, नाही म्हणू नकोस." कशाला नाही म्हणू नको? मध्ये काय मागितलं आहेस?

शिंपीणबाई मान खाली घालून लिहिते आहे, पण ऐकायची घाई तिलाच जास्त. सुईत दोरा ओवताना करते तसा तोंडाचा चंबू केला आहे. (हे लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, गाळलंस तर वाचताना मला कळेलच.) आपली रीत तुला माहीत आहे. लिहिणारी ही, आणि वाचणारा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातला चष्मेवाला. कागद उघडाच घेऊन मी त्याच्याकडे जाते, तो वाचतो, मी ऐकते, आणि मगच पाकीट चिकटतं. हिनं त्याची पँट चार बोटं आखूड शिवली त्याला सहा वर्षं झाली. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. माझं काम त्यामुळे सुरळीत चाललं आहे.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतेस. मला टकटक ऐकू येते.

मधलं पान पाठव. आणि खजूर पाठव, बिया काढलेले. दात आता चारच आहेत, त्यांना जपायला हवं.

आजी

११ फेब्रुवारी

आजी,

मधलं पान टेबलावर राहिलं होतं आणि साफसफाईत गेलं. त्यात खरंच विशेष काही नव्हतं. तू म्हणजे पोलिसात असायला हवी होतीस.

परिषद कशी असते ते सांगते. एका प्रचंड इमारतीत नऊ दालनं, आणि प्रत्येकात कुणी ना कुणी बोलत असतं. सगळ्यांच्या गळ्यात नावाची पट्टी. बाहेर कंपन्या आपापले गाळे मांडून बसतात, फुकट पेनं आणि पिशव्या वाटतात, आणि मोठमोठी माणसं त्या पिशव्यांसाठी रांगेत उभी राहतात. मला सगळ्यांत मोठ्या दालनात वीस मिनिटं मिळाली आहेत. बोलणाऱ्याच्या पायाशी एक घड्याळ असतं, ते उलटं पळतं.

मी ज्याच्यावर बोलणार ते आम्ही बनवलेलं यंत्र आहे, साध्या फोनमध्ये मावणारं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी. तू बोलायचंस, ते तुझं पत्र लिहितं, मग तुलाच वाचून दाखवतं. पटलं तर हिरवं बटण दाबायचं, की पत्र मला इथे पोचतं. वाचून दाखवण्याचा भाग मी केला आहे, आजी. दोन वर्षं तेच करते आहे. ऐकताना माणूस वाचतोय असं वाटतं. दोनशे जणांवर करून पाहिलं, एकानंही तक्रार केली नाही.

तसा एक फोन तुला पाठवते आहे. त्यात एकच पत्र सांग, माझ्यासाठी. शिंपीणबाईंची मनधरणी करायला नको आणि चष्मेवाल्याकडे उन्हातून जायला नको.

खजूर याच खोक्यात आहेत.

तुझी
भिंगरी

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझी ती फोनची डबी पोचली. खजूरही पोचले, पण अर्धा किलो म्हणजे तू मला पाखरू समजतेस की काय.

हे पत्र शिंपीणबाईकडूनच लिहून घेते आहे, कारण डबीबद्दल डबीलाच कसं सांगायचं? शिंपीणबाईनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही माझ्या पोटावर येणार दिसते." मी म्हटलं, तुला पत्रामागे मिळतो एक कप चहा, त्यात पोट भरत असेल तर तू जगावेगळी. तरी गाल फुगवून बसली आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर त्याचं कारण हे.

आता मला सांग. लिहिणारी कोण? डबी. वाचणारी कोण? तीच डबी. मग मला कळायचं कसं? शिंपीणबाईला मी विचारलं, काय लिहिलंस, तर ती माझंच बोलणं मला घडाघडा सांगेल, कागदाकडे न बघता. तिला ते पाठ असतं. कागदावर काय आहे ते ज्यानं माझं बोलणं ऐकलंच नाही त्यालाच विचारावं लागतं. तुम्ही एवढी शिकलेली माणसं एकत्र बसता, तुमच्यात कुणाला हे सुचलं नाही?

दोनशे माणसांत एकानंही तक्रार केली नाही म्हणतेस. भिंगरे, मी सासूच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. तक्रार नसते तेव्हा सगळं ठीक असतं असं मला कुणी सांगू नये.

आणि मधल्या पानात विशेष काही नव्हतं, हे तू एका पत्रात दोनदा सांगितलं असतंस तर माझी खात्रीच पटली असती. एकदाच सांगितलंस म्हणून नुसता संशय आहे.

तरी तू मागितलं आहेस, म्हणून परवा डबीत बोलेन. दार लावून बोलेन, नाहीतर शिंपीणबाई मध्येच दुरुस्त्या सुचवते.

पुढचे खजूर एक किलो. बिया नकोत, हे विसरू नकोस.

आजी

२१ फेब्रुवारी

प्रिय नात,

तुझी भेटवस्तू मिळाली. आनंद झाला. हे उपकरण वापरण्यास सोपे आहे व वाचन स्पष्ट आहे. तुझ्या परिषदेसाठी हार्दिक शुभेच्छा. तुझ्या यशाचा मला अभिमान वाटतो. माझी प्रकृती ठीक आहे. काळजी नसावी.

तुझी प्रेमळ,
आजी

२५ फेब्रुवारी

आजी,

तू बरी आहेस ना? फोन तीनदा केला, उचलत नाहीस.

डबीतून आलेलं तुझं पत्र आमच्या साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग जागेवर येऊन ते पुन्हा वाचलं, आणि पाचव्या वेळेला ते तुझं वाटेनासं झालं. तू मला "प्रिय नात" म्हणालीस? आयुष्यात कधी? माझं काही चुकलं म्हणून रागावली आहेस का? की शेजारी कुणी बसून "असं सांगा, तसं सांगा" करत होतं? मला शिंपीणबाईंचा संशय आला. डबी वाईट ठरवायला त्यांनी तुला काहीतरी शिकवलं असेल, असं वाटलं. पण मग पत्र एवढं गोड कसं?

आणि खजूर नाहीत. चौदा वर्षांत तुझं एकही पत्र काही मागितल्याशिवाय संपलेलं नाही.

आज तुझं एकोणीस तारखेचं पत्र आलं. ते वाचलं आणि लगेच हे लिहायला बसले.

मधल्या पानाचं खरं सांगते. ते साफसफाईत गेलं नाही, माझ्या खणात आहे. त्यात लिहिलं होतं की साहेबांना तुझं पत्र मंचावर दाखवायचं आहे, तुझ्या नावानं. ज्या बाईनं कधी अक्षर गिरवलं नाही तिचं पहिलं पत्र, असं. लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली, म्हणून पान काढून घेतलं. साहेब म्हणाले, आधी कशाला विचारतेस, पत्र येऊ दे, मग सांगू. मी ऐकलं.

डबीचं पत्र छापून सोबत जोडलं आहे. चष्मेवाल्याकडून वाचून घे. त्यातलं तुझं किती ते मला सांग. परिषद नऊ मार्चला आहे.

भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

फोन उचलला नाही कारण उजवं मनगट सुजलं आहे आणि डाव्या हातानं तो फोन मला सापडेपर्यंत वाजायचा थांबतो. घाबरू नकोस. जिन्याची शेवटची पायरी होती असं मला वाटलं, ती शेवटून दुसरी निघाली. हाड शाबूत आहे.

हे तुला नवीन वाटेल. डबीला मी हे एकवीस तारखेलाच सांगितलं होतं.

तिला मी काय सांगितलं ते आता शिंपीणबाईला सांगते. मी म्हटलं: "भिंगरे, डबीचा आवाज गोड आहे, म्हणूनच मला ती आवडली नाही. एवढं गोड आपल्याशी कुणी उगाच बोलत नाही. मधल्या पानात काय असणार ते मी ओळखलं आहे, तुझ्या सभेत माझं नाव घेशील तर याद राख. जिन्यात पडले, मनगट सुजलं आहे, काळजी करण्यासारखं नाही, पण एकदा येऊन बघून जा. येताना खजूर." एवढंच. डबीनं ते मला परत ऐकवलं, शब्दाला शब्द, "याद राख" सुद्धा माझ्यासारखंच ठसक्यात. मी म्हटलं, चला, शिंपीणबाईपेक्षा बरी निघाली. हिरवं बटण दाबलं.

काल चष्मेवाल्यानं तुझा कागद वाचला. वाचून म्हणाला, "आजी, हे तुम्ही कधी सांगितलंत? तुम्हाला बरं नव्हतं का?" तो "काळजी नसावी" पर्यंत आला तेव्हा मी म्हटलं, तेवढं पुन्हा वाच.

आता जे सांगते ते तुझ्या बापालाही नीटसं माहीत नाही. शिंपीणबाईला म्हटलं, लिहिताना थांबू नकोस.

तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगी होती. तुझे आजोबा तेव्हा दूर, पुलाच्या कामावर. पत्रं माझे दीर लिहायचे आणि तेच मला वाचून दाखवायचे. मुलगी दीड वर्षाची असताना तापली. मी सांगितलं, पोरीचा ताप उतरत नाही, असाल तसे निघून या. दिरांनी लिहिलं आणि वाचलं: पोरीचा ताप उतरत नाही, असाल तसे निघून या. मी निर्धास्त झाले. रोज दाराकडे बघायची. हे आले ते पंचवीस दिवसांनी, त्यांच्या ठरल्या रजेला, हातात तिच्यासाठी लाल चेंडू घेऊन. तोवर तिला जाऊन दोन आठवडे झाले होते.

मी विचारलं, माझं पत्र? त्यांनी खिशातून काढून दिलं. ते मी शाळेतल्या बाईंकडे नेलं. त्यांनी वाचलं: घरी सर्व ठीक आहे, काळजी नसावी.

दीर वाईट नव्हते. भावाचं काम सुटेल, एवढ्या तापाला कशाला ओढायचं त्याला, असं वाटलं त्यांना. माझ्या बोलण्यातलं तेवढं टोचणारं काढलं आणि मला मात्र माझंच ऐकवलं, म्हणजे मीही शांत. सगळ्यांचं भलंच करत होते. ते गेले तेव्हा मी रडलेसुद्धा. पण त्या दिवसापासून लिहिणारी एक आणि वाचणारा दुसरा.

ते पत्र माझं म्हणून कुणाला दाखवू नकोस. ते माझं नाही. चूक कुणाची ते मला डबी उघडूनही कळणार नाही, तुला कळेल. वाचायचं काम तुझं होतं ना? मग वाचणारी कागद बघत होती का, एवढं मला शोधून सांग. साहेब चिडतील हे मला समजतं. चिडलेला साहेब मी पाहिलेला नाही, पण सासू पाहिली आहे.

(चष्मेवाल्यानं हे पान वाचताना दोनदा चष्मा पुसला. म्हणाला, काच खराब आहे. हे एवढं नंतर शिंपीणबाईकडून कडेला लिहून घेतलं आणि मग पाकीट चिकटवलं.)

खजूर तेवढे पाठव. मनगटाला लागत नाहीत, पण चालतात.

आजी

१२ मार्च

आजी,

वाचणारी कागद बघत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी वाचण्याचा भाग केला तेव्हा डबी जे ऐकायची तेच लिहायची. म्हणून मी तिला ऐकलेलं वाचायला शिकवलं, ते सोपं होतं. आठ महिन्यांपूर्वी पलीकडच्या खोलीतल्या लोकांनी मध्ये एक पायरी घातली. पत्र नीटनेटकं करायची. रागाचं, दुखण्याचं, परत परतचं काढून टाकायचं, लोकांना बरं वाटेल असं करायचं. लिहिणं पुढे सरकलं, माझं वाचणं मागेच राहिलं. ती पायरी आल्याची सूचना मला आली होती. मी "पाहिलं" म्हणून टिचकी मारली होती. पाहिलं नव्हतं.

दोनशे जणांनी हिरवं बटण दाबलं, कारण दोनशे जणांना आपलंच बोलणं ऐकू येत होतं.

साहेबांना सात तारखेला सांगितलं. ते म्हणाले, दुरुस्ती परिषदेनंतर करू, गुपचूप, कुणाला कळणारही नाही. मंचावर एक शब्द नको. "तुझ्या आजीचं पत्र किती छान आलंय, बघ की." मी विचारलं, आणि त्या दोनशे जणांची पत्रं? ते म्हणाले, ती पोचली ना?

नऊ तारखेला मंचामागे एक बाई माझ्या कॉलरला माईक लावत होती. हात थंडगार होते तिचे, की माझी मान गरम होती, कोण जाणे. मी तिला विचारलं, माझ्याबरोबर दोन मिनिटं मंचावर याल का? तिला वाटलं, माईक बिघडला.

पडद्यावर डबीचं पत्र लावलेलं होतंच. मी म्हटलं, यांनी माझ्या आजीला कधी ऐकलेलं नाही, हे पत्र त्या वाचतील. तिनं वाचलं, "काळजी नसावी" पर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी डबीनं साठवून ठेवलेला तुझा आवाज लावला.

"याद राख" ला अख्खं दालन हसलं, आजी. मनगटाशी हसू कमी झालं. खजुरांपर्यंत कुणीच हसत नव्हतं. साहेब कडेला उभे राहून हातानं "बंद करा, बंद करा" करत होते, पण आवाजाचं बटण त्या माईकवाल्या बाईच्या जोडीदाराकडे होतं, आणि तो ऐकत बसला होता. पायाशी घड्याळात सहा मिनिटं उरली होती. त्यात मी तुझी रीत सांगितली, आणि ती टिचकी माझी होती हेही सांगितलं. मुलीचं काही बोलले नाही.

तुझं पत्र दाखवू नकोस म्हणालीस, मी दाखवलं. तुझं नाही असं सांगून दाखवलं, पण दाखवलं. आवाज तर न विचारताच लावला. यातलं कशाचंच मला समर्थन करता येत नाही.

दुपारी आमचा गाळा गुंडाळला. ती दोनशे पत्रं आणि त्यांचे आवाज आता पुन्हा तपासताहेत, एकेकाला कळवणार आहेत. मला मात्र चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. नोकरी राहील का माहीत नाही. पंचवीस तारखेला बोलावलं आहे, ते झालं की तुझं मनगट बघायला येते. पत्राची पानं मोजली आहेत. तीन आहेत, तीनही आत आहेत.

भिंगरी

१८ मार्च

भिंगरे,

पानं तीन मिळाली. पाकिटावर तिकीट लावायला विसरलीस. पोस्टमनशी हुज्जत घालून सोडवून घेतलं. चार हजार माणसांसमोर उभी राहू शकतेस आणि एक तिकीट चिकटवू शकत नाहीस.

एवढं मोठं पत्र, आणि त्यात तूच शूर निघालेली. साहजिकच मला संशय आला. म्हणून चष्मेवाल्याकडून वाचून घेतलं आणि मग शिंपीणबाईकडूनही वाचून घेतलं. दोन्हीकडे तेच होतं.

चार हजार अनोळखी माणसांनी मला जिन्यात पडताना ऐकलं. विचारलं नाहीस. ते मी विसरणार नाही. तू विसरशील, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. माझ्या पोरीचं तिथे काढलं नाहीस, ते बरं केलंस. हेही लिहून ठेवते.

त्या दोनशे जणांत कुणी "निघून ये" म्हटलं होतं का, ते शोध. साहेब ठेवोत किंवा न ठेवोत, ते काम तुझं आहे. टिचकी तुझी होती.

इकडे एक नवीन भानगड झाली आहे. तुझं पत्र दोघांकडून वाचून घेताना शिंपीणबाई माझ्यामागे औषधांच्या दुकानात आली. पहिल्यांदाच. चष्मेवाला तिला म्हणाला, "बसा." ती बसली. परवा तिनं त्याची ती आखूड पँट उसवून खाली पट्टी लावून दिली म्हणे. आता हे पत्र ती लिहिते आहे आणि गालातल्या गालात हसते आहे. मला लक्षण ठीक दिसत नाही. दोघांचं असंच जमत गेलं तर मला नवा वाचणारा शोधावा लागणार. तू चालणार नाहीस. तू माझी आहेस, मला बरं वाटावं म्हणून काहीही वाचशील.

पंचवीस तारखेला ताठ बस. रडू आलं तर बाहेर येऊन रड. मला तुझ्या पत्रात कुठे रडलीस ते दिसलं नाही, म्हणजे ते पान तू पुन्हा काढून ठेवलं आहेस. आलीस की सांग.

तू येशील तेव्हा येशील, खजूर आधी पाठव. एक किलो, आणि या वेळी बियांसकट. दात माझे आहेत, मी बघून घेईन. बिया काढलेला खजूर म्हणजे माझ्याआधी कुणीतरी आत बोट घालून आलेला असतो.

आजी